तलंग की कोंबडा? परसातल्या पिल्लांची पारख

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसावर बोलून झाले, ज्वारीवरही झाले. आता जेवणाच्या सुट्टीआधी आम्ही एक वेगळाच विषय घेणार आहोत. तो ऐकून मागच्या रांगेतली काही मंडळी हसतील. हसू द्या. कोंबडीचे पिल्लू नर आहे की मादी, हे ते लहान असतानाच कसे ओळखायचे, एवढाच आमचा विषय आहे.

यात भाषण करण्यासारखे काय, असे ज्यांना वाटते त्यांनी आज घरी जाऊन एक गोष्ट विचारावी. मृगाच्या तोंडावर बियाण्याला पैसे कमी पडले तेव्हा ते कुठून आले? सोसायटीचे कर्ज थकलेले, सावकाराने मागची बाकी काढलेली, आणि मग घरच्या बाईने डालग्याखालचे दोन कोंबडे विकून गाठीचे पैसे पुढे केले. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो, आणि आला तसा जातो. कोंबड्यांचा पैसा थोडा असतो, पण अडीनडीला हाताशी असतो. तो बाईच्या हातात असतो म्हणून त्याचा हिशेब कोणी कागदावर मांडत नाही. आज तो मांडू.

गावरान कोंबडी वर्षाला ५०-६०, फार तर ७० अंडी देते. खुडूक बसली की तिच्याखाली १०-१२ अंडी ठेवायची. त्यांतून ८-९ पिल्ले निघाली तर बरे म्हणायचे. घार, मुंगूस, बोका आणि मानमोडी यांच्या तावडीतून सुटून मोठी होतात ती ४-५. त्यांत दोन तलंगी धरा. तलंग म्हणजे पुढच्या वर्षीची ५०-६० अंडी आणि पुढच्या वर्षीची खुडूक. कोंबडा म्हणजे एकदाच येणारी रक्कम, पण एकरकमी. दोन्ही आपल्याला हवेत. मात्र दोन्ही एका भावात आणि एकाच दिवशी विकून टाकायची वस्तू नव्हे.

आणि होते काय? पिल्ले दोन महिन्यांची झाली की मोटरसायकलला जाळीचे पिंजरे बांधून व्यापारी दारात येतो. "सगळी उचलतो, नगाला अमुक देतो," म्हणतो. बाईला वाटते, बरे झाले, राखण सुटली. डालगे रिकामे होते. त्यात तलंगी किती गेल्या? कोणाला ठाऊक नाही. खरेदी केंद्रावर कापसाची प्रत ग्रेडर ठरवतो आणि आपण त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहतो. परसात तर ग्रेडरही नाही, तरी आपण तसेच उभे! कापसाच्या धाग्याची लांबी मोजायला यंत्र लागते. इथे नुसते डोळे लागतात, आणि तीन महिने धीर.

आता मुळाशी जाऊ. एका दिवसाच्या गावरान पिल्लाकडे वरवर पाहून ते नर की मादी हे कोणालाही सांगता येत नाही. मोठ्या व्यापाऱ्याला नाही आणि गावातल्या सर्वांत जुन्या आजीलाही नाही. मग हॅचरीवाले पहिल्याच दिवशी कसे वेगळे काढतात, असे विचाराल. त्यांच्या तऱ्हा निराळ्या आहेत आणि त्या समजून घेतल्या पाहिजेत, कारण त्यांचे अर्धवट ज्ञान गावोगाव फिरते आहे आणि त्यातून फसगत होते आहे.

पहिली तऱ्हा जपानची. तिथल्या मासुई आणि हाशिमोतो या शास्त्रज्ञांनी १९२० नंतरच्या दशकात शोधून काढले की पिल्लू अंड्यातून निघाल्यावर पहिल्या दिवस-दीड दिवसात त्याचे विष्ठाद्वार हळूच उघडून पाहिले, तर नराच्या आत मोहरीहून बारीक उंचवटा दिसतो. १९३३ साली त्यांचे पुस्तक इंग्रजीत आले आणि जपानी कारागिरांना देशोदेशीच्या हॅचऱ्यांतून बोलावणी गेली. तयार हाताचा माणूस तासाला ८००-१००० पिल्ले पाहतो आणि १०० मागे दोन-तीन चुकतो. पण हात तयार व्हायला हजारो पिल्ले हाताखालून जावी लागतात. कित्येक माद्यांनाही थोडा उंचवटा असतो, तो कोणता हे नजरेला बसायला काळ जातो. घरी हे करू नका. नवख्या बोटांनी दाबले की कोवळे आतडे फाटते आणि पिल्लू जाते.

दुसरी तऱ्हा पंखांची. पहिल्या दिवशी पंख पसरून पाहायचा. खालची लांब पिसे वरच्या पिसांहून लांब असतील तर मादी, सारखी किंवा आखूड असतील तर नर. हे खरे आहे, पण फक्त त्यासाठी मुद्दाम जुळवलेल्या जातींत. पिसे उशिरा फुटण्याचा गुण नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावरच बसलेला असतो. लवकर पिसे येणारा कोंबडा आणि उशिरा पिसे येणारी कोंबडी यांचा संकर केला की मुली बापावर जातात आणि मुलगे आईवर. म्हणून पंखात फरक दिसतो. आपल्या परसात असा संकर कोणी जुळवलेला नसतो. तेव्हा गावरान पिल्लाचा पंख पसरून जो ठामपणे सांगतो, तो नाणे उडवतो आहे असे समजा.

तिसरी तऱ्हा रंगाची. ही आपल्याला थोडीफार करून पाहता येईल. अंगावर आडवे काळे-पांढरे पट्टे असतात ना, तो पट्ट्यांचा गुणही त्याच गुणसूत्रावर असतो. कोंबड्याला ते गुणसूत्र दोन, कोंबडीला एकच. केंब्रिजचे प्राध्यापक पनेट यांनी हाच धागा पकडून १९२९ साली अशी जात तयार केली की पिल्लाच्या अंगावरची लव पाहूनच नर-मादी कळावी. आपल्याकडे ऱ्होड आयलंड रेडचा लाल कोंबडा पुष्कळ ठिकाणी आहे. तो पट्टेवाल्या कोंबडीवर सोडला, तर जी पिल्ले काळी निघतील त्यांत डोक्यावर पांढरा ठिपका असलेली नर आणि ठिपका नसलेली मादी, असा फरक दिसू शकतो. अट अशी की कोंबडी पट्ट्यांची हवी आणि कोंबडा बिनपट्ट्यांचा हवा. उलट जोडी लावली तर काही उपयोग नाही. पिल्ले पांढरट निघाली तरी ठिपका वाचता येत नाही. आणि परसातल्या कोंबडीचे पट्टे दरवेळी याच गुणाचे असतील याची हमी नाही, म्हणून एक-दोन खेपा पडताळून मगच विश्वास ठेवा.

आणखी एक लक्षात ठेवा. त्या पिल्लांची आपसात पैदास केली की खूण मोडते. हे तुम्हाला सांगायला नको. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली, तेव्हापासून आपल्याला ठाऊक आहे की संकराचे बी घरचे ठेवले तर दुसऱ्या वर्षी रानात लहान-मोठे, लवकर-उशिरा सगळे फुटते. कोंबडीचा न्याय तोच.

इथे थोडे विषयांतर करतो. कोंबडीत मुलगा की मुलगी हे आईचे अंडे ठरवते, कारण दोन तऱ्हांची गुणसूत्रे तिच्यापाशी आहेत, कोंबड्यापाशी एकच तऱ्हा. माणसात नेमके उलटे आहे. तिथे ठरते ते बापाकडून. तरी मुलगी झाली म्हणून बोल लावतात तो सुनेला! कोंबडीला दोष द्यायला शास्त्राचा आधार तरी आहे. सुनेला द्यायला तोही नाही.

आता गावातल्या समजुती. टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो आणि गोल अंड्यातून तलंग, असे सांगणारे आहेत. नेमके उलटे सांगणारेही आहेत. कोणी अंड्यावर दोऱ्याने अंगठी टांगून ती गोल फिरते की आडवी हलते हे पाहतात. अंड्याचा आकार कोंबडीच्या अंगावर आणि वयावर अवलंबून असतो, आतल्या पिल्लाशी त्याचा संबंध नाही. मग या समजुती टिकतात कशा? हिशेब सोपा आहे. दहा पिल्ले निघाली तर पाच-पाच व्हावीत हे सरासरीने खरे, पण प्रत्येक डालग्यात तसे होत नाही. साधारण सहा खेपांत एक खेप अशी येते की दहात सात किंवा अधिक कोंबडेच निघतात. ज्याने त्या खेपेला टोकदार अंडी ठेवली असतील तो जन्मभर सांगत राहतो, "माझा अनुभव आहे!" चुकलेल्या पाच खेपा कोणी लक्षात ठेवत नाही.

मग खरे काय पाहायचे? पहिली आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे एकाच खुडुकीची, एकाच दिवशी निघालेली पिल्ले एकमेकांशी ताडून पाहायची. दोन खेपांची पिल्ले एका डालग्यात मिसळली की महिनाभराने मोठी असलेली तलंग लहान कोंबड्याहून भारी दिसते आणि सगळा घोळ होतो. विकतात त्या घरी सर्वांत जास्त चूक इथेच होते.

दोन-तीन आठवड्यांत शेपटी पाहा. माद्यांना शेपटीची आणि खांद्यावरची पिसे बहुधा आधी येतात, त्या अंगभर झाकलेल्या दिसतात. नराचे बूड बोडके राहते, पाठ उघडी पडते आणि तो जरा ओबडधोबड दिसतो. ही नुसती कुणकुण आहे. यावर विक्री करू नका.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात तुरा बोलू लागतो. नराचा तुरा वर उठतो, जाड होतो, त्यावर गुलाबी आणि मग लाल रंग चढतो. चोचीखाली लोंबणारी कातडीही दिसायला लागते. मादीचा तुरा अजून पिवळसर, चपटा असतो. पाय पाहा, नराचे पाय जाड आणि घोटे मजबूत. तपकिरी, मातकट रंगाची गावरान पिल्ले असतील तर छाती पाहा. नराच्या छातीवर याच सुमाराला काळी पिसे येऊ लागतात आणि खांद्यावर तांबडा डाग उमटतो. मादीची छाती फिकट, विटकरी-तपकिरी राहते. सहाव्या आठवड्यात तुरा लाल, पाय जाड आणि खांदा तांबडा, अशा तीन खुणा एकाच पिल्लावर जुळल्या तर ते कोंबडा धरायला हरकत नाही. पण ज्याच्या खुणा जुळत नाहीत ते लगेच तलंग ठरत नाही. मागे राहिलेला, दबलेला, जंत झालेला कोंबडाही फिकट तुऱ्याचा असतो.

पक्की खूण दोन ते तीन महिन्यांच्या दरम्यान येते आणि ती फार थोडे लोक पाहतात. शेपटीच्या पुढे, कंबरेवर जी पिसे असतात ती पाहायची. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्या की एकेक पिल्लू हातात घ्या, बॅटरीच्या उजेडात कंबरेवरची पिसे बोटाने बाजूला करा. नवे पीस निमुळते, टोकदार, भाल्याच्या पात्यासारखे आणि चकचकीत असेल तर कोंबडा. पिसाचे टोक गोल असेल तर तलंग. मानेच्या पिसांतही हाच फरक येतो. पुढे कोंबड्याच्या शेपटीत विळ्यासारखी वाकडी पिसे येतात, ती तर रस्त्यावरून दिसतात. तीन महिने पुरे झाले आणि कंबरेवर एकही टोकदार पीस नाही, तर ती तलंग. तिला घराबाहेर जाऊ द्यायचे नाही.

आरवण्याची वाट पाहणारे उशीर करतात. एखादा दोन महिन्यांतच घसा साफ करतो, बहुतेक तीन-चार महिन्यांनी आरवतात, आणि अंगणात जुना दांडगा कोंबडा असेल तर त्याच्या धाकाने तरणा गप्पच राहतो. नख्यांवरूनही ठरवू नका, पायाच्या मागचा बारीक उंचवटा दोघांनाही असतो आणि म्हाताऱ्या कोंबड्यांना आऱ्याही फुटतात. भांडण्यावरून तर मुळीच नको. लहानपणी तलंगीही छाती काढून झुंजतात.

काही जातींना वेगळे माप लागते. कडकनाथचा तुरा काळपट, त्यामुळे लाल रंग शोधत बसाल तर सगळ्याच तलंगी दिसतील. तिथे तुऱ्याचा आकार आणि कंबरेचे पीस. असीलचा तुरा बसका आणि लहान, मादीही उंच मानेने चालणारी. तिथे तुरा सोडा, पिसावर या. उघड्या मानेच्या कोंबडीला मानेची पिसेच नसतात, पण कंबरेची असतात. उलट्या, कुरळ्या पिसांच्या कोंबडीत पिसाचे टोक वाचता येत नाही, तिथे तुरा आणि पाय यांवर भागवावे लागते.

कोंबडी आरवली म्हणजे घरावर संकट, असे म्हणून तिची मान मुरगाळतात. कोंबडीला कामाचा बीजकोश एकच असतो, डावीकडचा. तो रोगाने निकामी झाला तर तिचा तुरा वाढतो, कोंबड्यासारखी पिसे येतात, कधी ती आरवतेही. अंडी देणार नसेल तर विका, पण देवाचा कोप नको समजायला. हे अडाणीपण आपलेच आहे असेही नाही. युरोपात बाझेल शहरात १४७४ साली अंडे घातल्याच्या आरोपावरून एका कोंबड्यावर खटला चालवून त्याला जाळले होते!

आता रंगवलेल्या पिल्लांबद्दल. बाजारात लाल, हिरवी, गुलाबी पिल्ले घेऊन माणूस येतो, स्वस्त देतो, पोरे हट्ट धरतात. "मोठी झाली की अंडी देतील," असे सांगतो. ती पिल्ले बहुतेक वेळा अंड्यांच्या जातीच्या हॅचरीतून पहिल्या दिवशी वेगळे काढलेले नर असतात. त्या धंद्यात नराला किंमत नाही, तो अंडी देत नाही आणि मांसही धरत नाही. जगभर अशी कोट्यवधी पिल्ले पहिल्याच दिवशी मारतात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून कायद्याने ते बंद केले आणि तिथे आता अंड्यातच नर-मादी तपासण्याची यंत्रे आली. आपल्याकडे ती पिल्ले रंग लावून आपल्याच पोरांच्या हातात येतात. तेव्हा त्यांचे पंख पसरून तलंग शोधू नका. ज्याला जपानी नजरेने पहिल्या दिवशी नर ठरवले, त्याला सहा महिने दाणा घालून तलंग करता येत नाही. घ्यायचेच असेल तर कोंबडा म्हणून घ्या आणि कोंबड्याच्याच भावाने घ्या.

कोणी म्हणेल, तीन महिने थांबायचे तर तेवढे दिवस घार आणि मानमोडी यांचा धोका आमचा. बरोबर आहे. घारीला उपाय डालगे आणि राखण. मानमोडीला उपाय लस. पहिली पाच ते सात दिवसांच्या पिल्लाला डोळ्यात किंवा नाकात थेंबाने, दुसरी आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचून. अडचण अशी की लसीची कुपी शंभर-शंभर पिल्लांची असते आणि फोडली की दोन तासांत संपवावी लागते. एका घराला ती परवडत नाही. म्हणून आळीतल्या आठ-दहा घरांनी खुडूक एकाच आठवड्यात बसवावी, आणि एकाच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यातून बर्फात लस आणून सगळ्यांच्या पिल्लांना द्यावी. एका दिवशी निघालेली पिल्ले ताडून पाहायलाही सोयीची.

कोंबडे ओळखले की सगळे ठेवू नका. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. जास्त झाले की आपसात झुंजतात, कोंबड्यांच्या पाठी सोलून काढतात आणि मातेरे खाऊन संपवतात. ठेवायचा तो आपल्याच खुराड्यातला ठेवू नका, दुसऱ्या गावच्या घराशी अदलाबदल करा, नाहीतर भावाबहिणींची पैदास होऊन पिल्ले कमजोर निघतात. बाकीचे कधी विकायचे? फाल्गुनात निघालेल्या पिल्लांतले कोंबडे आखाडात हाताशी येतात आणि आखाडात कोंबड्याला गिऱ्हाईक दारात येते. श्रावण लागला की तेच गिऱ्हाईक पाठ फिरवते. मृगाला पैसा लागलाच तर ओळखलेला कोंबडा विका, न ओळखलेले पिल्लू नको. आणि भाव नगावर नको, वजनावर. वजनकाटा घरात नसेल तर किराणा दुकानाचा मागून आणा, पण व्यापाऱ्याच्या हातातल्या स्प्रिंगच्या काट्यावर विसंबू नका.

शेवटचे काम. बहिणींनी एक वही करावी. पिल्ले निघाली त्याची तारीख लिहायची, प्रत्येकाच्या पायात वेगळ्या रंगाचा सुती दोरा सैल बांधायचा आणि आठवड्याला बदलायचा, नाहीतर तो पायात रुततो. तिसऱ्या आठवड्यात आपला अंदाज लिहायचा, सहाव्यात पुन्हा लिहायचा आणि तीन महिन्यांनी कंबरेचे पीस पाहून ताळा करायचा. ज्यांचा टोकदार अंड्यावर किंवा अंगठीवर विश्वास आहे त्यांनी तोही अंदाज आधीच लिहून ठेवावा. ताळा करताना चुकलेलेही लिहायचे, बरोबर आलेलेच नव्हे. पंचवीस-तीस घरांच्या वह्या जमल्या तर आपल्या भागातल्या कोंबड्यांत कोणती खूण कितव्या आठवड्यात दिसते हे कळेल. ज्यांच्या घरी आज खुडूक बसलेली आहे त्यांनी जेवणाआधी आपली नावे द्यावीत. रंगीत दोरे आम्ही आणले आहेत, ते टेबलावर ठेवले आहेत.